सही होती, अंगठा होता, तरी सीन कापला: एका डॉक्युमेंटरीवाल्याचं प्रकरण

गाव, कारखाना, चॅनेल यातलं काहीच नावानिशी देत नाहीये, ओळख लागेल असे बारीक तपशीलही बदललेत. दिग्दर्शकाला इथे नुसतं दिग्दर्शक म्हणू, आणि जिच्यामुळे हे सगळं झालं तिला मावशी, कारण तो तिला मावशीच म्हणतो आणि ती त्याला दादा.

पार्श्वभूमी

हा नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा, वडील एसटीत कंडक्टर. पुण्यात पत्रकारितेचा कोर्स केला, मग मुंबईत एका न्यूज चॅनेलला डेस्कवर लागला. तिथे दिवसभर दीड-दीड मिनिटाची पॅकेजेस कापून वैतागला आणि नोकरी सोडली. घरी अर्थात बोंब. मग पोट कशावर भरायचं तर कंपन्यांच्या सीएसआर फिल्म्स, लग्नांचे हायलाइट व्हिडिओ, आणि निवडणुका आल्या की उमेदवाराचा प्रचार. डॉक्युमेंटरी करणाऱ्याचं करिअर म्हणतात ते नव्वद टक्के असंच असतं, उरलेल्या दहा टक्क्यात ती डॉक्युमेंटरी.

आधी निदान काही दारं होती. केंद्र सरकारचं फिल्म्स डिव्हिजन १९४८ पासूनचं, तिथे काम मिळायचं. २००० साली पीएसबीटी, म्हणजे पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्ट आलं, दूरदर्शनसाठी त्यांनी बऱ्याच जणांना पहिली फिल्म करायला दिली. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून आमच्यासारख्यांचा रस्ता पिचिंगकडे वळलेला होता. म्हणजे परदेशी चॅनेलचे कमिशनिंग एडिटर, फंडवाले समोर बसतात, तुम्हाला पाच-सात मिनिटं मिळतात आणि त्यात ट्रेलर दाखवायचा. ट्रेलर चालला तर पैसे. हे लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड या ट्रेलरपासूनच सुरू होते.

विषय त्याने ऊसतोडीचा घेतला. दसरा-दिवाळी झाली की गावावरून टोळ्यांचे ट्रक जाताना लहानपणापासून बघितलेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, हंगामाआधीच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो, आणि मग पाच-सहा महिने तोडणी करून ती फेडायची. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा, त्याचे पैसे कापले जातात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत फिटलं तर फिटलं, नाहीतर बाकी पुढच्या सालावर.

२०१७-१८ च्या हंगामात हा आणि याचा एक साउंडवाला मित्र बीडच्या डोंगरपट्ट्यातल्या एका टोळीबरोबर सांगलीकडच्या एका कारखान्यावर जाऊन राहिले. पहिले बरेच दिवस कॅमेरा काढलाच नाही, मोळ्या उचलायला मदत करायला गेला तर बाया हसायच्या. त्याच टोळीत मावशी, त्यांचे मालक म्हणजे नवरा, आणि आठवीतली मुलगी. शाळा सोडून आलेली, कारण गावाकडे तिला सांभाळायला कोणी नाही.

आता तो सीन. रात्रीचे नऊ वाजलेले, कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, बॅटरीवरचा एक बल्ब, चुलीवरचा तवा अजून गरम. मावशींना लिहिता येत नाही म्हणून मुलगी शाळेच्या वहीत हिशोब लिहितीये, मावशी तोंडी सांगतायत. आज किती टन, किराणा किती, वाढे म्हणजे उसाचे शेंडे विकून किती आले, खाडा किती. मुलगी मधेच बोट ठेवून विचारते, ही रक्कम कसली गं? मावशी म्हणतात, ती मागल्या सालच्या ऑपरेशनची उचल, अजून फिटली नाही. आणि मग कॅमेऱ्याकडे न बघता, भाकरीचं पीठ बोटांवरून काढत काढत सांगायला लागतात: पोटात दुखायचं, डॉक्टर म्हणला पिशवी (गर्भाशय) काढून टाका नाहीतर कॅन्सर होईल, आणि मालक पण म्हणले काढून टाक, दर महिन्याला खाडा परवडत नाही. पैसे मुकादमानेच दिले, म्हणजे उचल वाढली. मालक बाजूलाच बसलेले, काही बोलत नाहीत, बिडी पेटवतात. मुलगी लिहायचं थांबते.

मी हा सीन पहिल्यांदा बघितला तेव्हा मलाही वाटलं की झाली फिल्म. उचल, खाडा, बाईचं शरीर, मुलीची शाळा, सगळं एका वहीत. निवेदनाची गरजच नाही.

अडचण कशी उभी राहिली

२०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांची बातमी देशभर गाजली, राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. याच विषयावरचा तो सीन त्याच्याकडे त्याआधीपासून होता. आता पिचिंगला जाताना त्याने काय केलं असेल ते सांगायला नको. ट्रेलरचा शेवट त्या सीनवर. फंड मिळाला, मग एक युरोपातलं चॅनेल आलं, ५२ मिनिटांचं व्हर्जन ठरलं. शूटिंग अजून दोन हंगाम चाललं, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये टोळ्या कारखान्यांवर अडकल्या तेव्हाही तो तिथे होता.

ट्रेलर सुरुवातीला पासवर्ड लावून होता. नंतर एका परदेशी फेस्टिव्हलने येणाऱ्या फिल्म म्हणून जाहीर करायचं ठरवलं, छोटी क्लिप मागितली, याने दिली, ती सगळ्यांना दिसेल अशी टाकली गेली. चाकणला कंपनीत असलेल्या त्याच गावच्या एका पोराने ती पाहिली, स्क्रीन रेकॉर्ड करून गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. क्लिप छोटी करताना फक्त एवढंच उरलं होतं की मालक म्हणले काढून टाक, मालकांचा चेहरा, बिडी, मुलगी. बास.

दोन दिवसांनी मावशींचा फोन. "दादा, ते पिशवीचं तेवढं काढून टाका. पोरीची सोयरीक चालू हाये." त्यानंतर तासाभरात मुकादमाचा फोन, अगदी गोड आवाजात, "साहेब, गोरगरिबाची बदनामी कशाला करता, आणि माझी वही कशाला दाखवता."

इकडे एडिट जवळजवळ लॉक झालेलं. चॅनेलचा शेवटचा हप्ता फिल्म पोचल्यावर मिळणार, त्या हप्त्यातून एडिटरची अर्धी फी आणि मेव्हण्याकडून घेतलेले पैसे द्यायचे होते. रिलीज फॉर्म, म्हणजे शूट केलेलं दाखवायला संमती देणारा कागद होता. दोन पानी, इंग्रजीतला, कुठूनतरी डाऊनलोड केलेला, याने मराठीत तोंडी समजावून सांगितला होता आणि मावशींनी अंगठा दिला होता. मुलगी लहान म्हणून तिच्या वतीनेही मावशींचाच अंगठा. कायद्याच्या अंगाने चॅनेलच्या वकिलाला हे पुरेसं होतं.

कोणकोणते पर्याय पुढे आले

यावर पुण्यात एका संध्याकाळी आम्ही चार-पाच जण बसलो होतो. एडिटर बाई ठाम होत्या की सीन राहिलाच पाहिजे. त्यांचं म्हणणं, हा विषय दडपून ठेवल्यामुळेच हे चालत आलंय, आणि फोन मावशींचा असला तरी मागे कोण उभं आहे ते मुकादमाच्या फोनवरून कळतंय. हा मुद्दा हलका नव्हता. दबावाखाली घेतलेली माघार मान्य करायची म्हणजे दबाव टाकणाऱ्याला एडिट टेबलवर खुर्ची देणं.

कोणीतरी चेहरा ब्लर करा म्हणालं. पण बाकी अर्धी फिल्म मावशी उघड्या चेहऱ्याने फिरतात, मग याच सीनला ब्लर केलं तर उलट बोट दाखवल्यासारखं होईल. शिवाय गावात कोणी कोणाला चेहऱ्यावरून ओळखतं का, आवाज, लुगड्याचा काठ, मालकांची बसायची पद्धत, सगळं माहीत असतं. आणि ब्लर केलेली बाई गुन्हेगारासारखी दिसते, हे माझं जुनं मत.

फक्त परदेशात दाखवायची, भारतात नाही, असाही पर्याय चॅनेलकडून आला. म्हणजे जिच्याबद्दल आहे ती सोडून सगळ्यांनी बघायची. आणि व्हॉट्सअॅपच्या जमान्यात ही सीमा पाळली जात नाही हे तर समोरच घडलं होतं. लग्न होईपर्यंत थांबायचं हा पर्याय मला बरा वाटत होता, पण सोयरीक म्हणजे काही तारीख नव्हे, आणि लग्न झाल्यावर सासरच्यांना कळलं तर जास्तच वाईट. मावशींना पूर्ण काढायचं तर फिल्मच राहत नाही. नटीचा आवाज लावा, अॅनिमेशन करा वगैरे सूचना आल्या, त्यावर फार वेळ गेला नाही.

दिग्दर्शक त्या दिवशी जवळजवळ काहीच बोलला नाही. शेवटी म्हणाला, तुम्ही सगळे फोनवर ऐकलेल्या एका वाक्यावर भांडताय, मावशींनी फिल्म बघितलेलीच नाहीये. खरं होतं. ट्रेलर पाच देशांतल्या लोकांनी बघितला होता, मावशींनी बघितली होती ती ग्रुपवर फिरलेली क्लिप.

काय केलं

पहिलं म्हणजे चॅनेलला लगेच कळवलं. बरेच जण इथे गप्प बसतात, आधी आपण सोडवू आणि मग सांगू म्हणून. याने मेल टाकून स्पष्ट लिहिलं की सहभागी बाईने हरकत घेतली आहे, मी भेटायला चाललोय, तारीख पुढे जाऊ शकते. उत्तर थंड आलं पण मुदत मिळाली. क्लिपही काढायला लावली, अर्थात ग्रुपवर गेलेली परत येत नाही.

दुसरा निर्णय जास्त महत्त्वाचा, तो एडिटर बाईंना बरोबर घेऊन गेला. ज्या सर्वात जास्त विरोधात होत्या त्यांनाच. एक तर बायांशी बोलायला बाई हवी होती, आणि दुसरं, चार वर्षं मावशींना स्क्रीनवर बघणाऱ्या माणसाने एकदा तरी त्यांना प्रत्यक्ष भेटावं असं त्याला वाटत होतं.

मावशींच्या घरी लॅपटॉपवर पूर्ण कट लावला. मावशी, जावा, शेजारच्या दोन बाया आत, मालक दारात. बाया मधे मधे हसत होत्या, अमकीचं पोर बघा केवढं होतं, तो बैल विकला बघा. तो सीन आला तेव्हा कोणी उठून गेलं नाही. एक शेजारीण तर म्हणाली की माझीबी काढली, माझं नाही घेतलं यांनी. संपल्यावर एडिटर बाईंनी विचारलं, यातलं काय काढायचं? आणि इथे सगळा अंदाज चुकला.

मावशींना ऑपरेशनच्या उल्लेखाचं काही वाटत नव्हतं, गल्लीतल्या निम्म्या घरांत ती गोष्ट होती. त्यांना नको होतं ते एकच वाक्य, मालक म्हणले काढून टाक. क्लिप फिरल्यापासून पारावर मालकांना त्यावरून रोज टोमणे, आणि त्या म्हणाल्या की ते एकटे थोडेच म्हणले, मी पण म्हणले, डॉक्टर म्हणला, मुकादम म्हणला, मग यांचंच तोंड का दाखवता? टीका म्हणून बघितलं तर ही टीका कुठल्याही समीक्षकापेक्षा नेमकी आहे. लहान क्लिपने एका व्यवस्थेची गोष्ट एका नवऱ्याची करून टाकली होती.

आणि सोयरिकीचं? ते मुलीमुळे. पाहुणे म्हणाले होते की पोरगी कोयत्यावर जायची वाटतं. मुलगी तोवर अठराची होऊन गेलेली, अंबाजोगाईला नर्सिंगला होती, त्या दिवशी घरीच होती आणि स्वयंपाकघरात चहा करत होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. तीच बाहेर येऊन म्हणाली, "आईला सगळे विचारतेत, मला कुणी विचारलं का?" तिला ती फिल्ममध्ये नको होती. सोयरिकीसाठी नाही, सोयरीक गेली तर गेली म्हणाली. कॉलेजात तिने कोणाला सांगितलं नव्हतं, आणि कोणाला कधी सांगायचं ते तिचं ती ठरवणार होती. वही दाखवली तर चालेल, मी नको.

मग एडिट. फुटेज ४के मध्ये होतं आणि फिल्म एचडीत जाणार होती, त्यामुळे फ्रेम आत ओढून बऱ्याच ठिकाणी मुलगी बाहेर काढता आली, हात आणि वही राहिली. जिथे ती मधोमध होती ते शॉट टाकून दिले. तिचे प्रश्न गेले, त्यामुळे मावशी एकट्याच हिशोब बोलल्यासारखं झालं. रिकाम्या जागा भरायला त्याने तीच जुनी वही मुलीकडून मागून घेऊन पानं नव्याने शूट केली. यावर आमच्यात वाद आहे. २०२२ मध्ये घेतलेला शॉट २०१८ च्या रात्रीत बसवणं काहींना पटत नाही. माझ्या मते वही तीच, अक्षर तेच, आणि पर्याय मुलीचा चेहरा असेल तर हे चालतं, पण ज्यांना पटत नाही त्यांचंही म्हणणं मला कळतं. मालकांचं वाक्य गेलं. ऑपरेशनची उचल राहिली. शेजारणीचं आणि आणखी दोघींचं बोलणं नव्याने शूट केलं, यावेळी मराठीत लिहिलेल्या फॉर्मवर, वाचून दाखवून, आणि तो वाचतानाचं रेकॉर्डिंग ठेवून.

मुकादमाचं काय? त्यालाही भेटला. त्याची हरकत मान्य केली नाही, फक्त तो उचलीच्या बाजूने जे बोलला होता, म्हणजे कारखाना त्याला कधी पैसे देतो, टोळी पळून गेली तर त्याचं काय होतं, ते थोडं जास्त ठेवलं.

पुढे काय झालं

चॅनेलने नवीन कट घेतला पण नाखुशीने, सीनमधली धार गेली म्हणाले. प्रक्षेपण पुढच्या स्लॉटला ढकललं, शेवटचा हप्ता लांबला, एडिटर बाईंचे पैसे पुढच्या आर्थिक वर्षात मिळाले. ज्या फेस्टिव्हलसाठी क्लिप गेली होती तो हुकला. दुसऱ्या, लहान फेस्टिव्हलला फिल्म गेली, बक्षीस नाही. दिग्दर्शक परत सीएसआरच्या फिल्म करतोय आणि एका कॉलेजात तासावर शिकवतो. धार गेली का? थोडी गेली. मुलगी लिहायचं थांबते तो क्षण आता फिल्ममध्ये नाही आणि तो क्षण भारी होता, त्याला काही इलाज नाही.

गावात दाखवायची म्हणून त्याने सेन्सॉर सर्टिफिकेट काढलं, कारण सार्वजनिक ठिकाणी दाखवायचं तर १९५२ च्या कायद्याप्रमाणे डॉक्युमेंटरीलाही ते लागतं. शाळेच्या भिंतीवर शो झाला. मुकादम पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसला होता, संपल्यावर म्हणाला की हिशोब बरोबर दाखवला. पुढच्या हंगामाला मात्र त्याने मावशींचा कोयता घेतला नाही. फिल्ममुळे की मालकांचं वय झालं म्हणून, तो काही सांगत नाही. ते दुसऱ्या मुकादमाबरोबर कर्नाटकात निपाणीकडे गेले, उचल आधीपेक्षा कमी मिळाली. सोयरीक मोडली, पण हुंड्यावरून.

वेगळं काय करता आलं असतं

सगळे सीन ठेवायचा की काढायचा यावर बोलतात. मला विचाराल तर खरा निर्णय क्लिप उघडी टाकायची की नाही हा होता आणि तो निर्णय आहे असं कोणालाच वाटलं नाही, एका मेलला रिप्लाय केला एवढंच. जी गोष्ट ५२ मिनिटांत नीट बसते ती अर्ध्या मिनिटात भलतीच होते. ट्रेलरमध्ये सर्वात नाजूक सीन घालायचाच असेल तर तो हॉलमधल्या माणसांपुरता ठेवावा आणि नेटवर शेताचे, ट्रकचे शॉट टाकावेत.

दुसरं, लहान मुलांचं. आई-बापाचा अंगठा शूटिंगपुरता ठीक, पण फिल्म व्हायला चार-पाच वर्षं लागतात आणि तेवढ्यात पोरगी मोठी होते. लॉक करण्याआधी तिला वेगळं विचारायला हवं होतं, आईसमोर नाही, एकटीला. आणि रफ कट, म्हणजे फिल्मची कच्ची जोडणी घेऊन गावी जायला हवं होतं, फोन यायच्या आधी. त्याने हे केलं नाही त्याचं कारण बेफिकिरी नव्हतं, पैसे नव्हते. कलर, साउंड मिक्स, सबटायटल सगळ्याला बजेटमध्ये ओळ होती, परत जाऊन दाखवायला नव्हती.

पैशावरून आठवलं. मुलाखतीसाठी तो रात्री यायचा, जेणेकरून खाडा पडू नये. तरी दोन-तीनदा दिवसाच्या शूटमुळे मावशींचा खाडा झालाच आणि याने त्या बदल्यात किराणा भरून दिला, रोख नाही, कारण पैसे दिले की बोलणं विकत घेतल्यासारखं होतं असं आम्हाला शिकवतात. मला हे पटत नाही. ज्या फिल्मचा विषयच खाडा आहे तिने खाडा रोखीत भरून द्यावा, फॉर्मवर लिहून द्यावा.

हरकत मान्य करायची म्हणजे प्रत्येकाला कात्री द्यायची का, हा प्रश्न उरतो. २०२२ मध्ये 'रायटिंग विथ फायर' ही डॉक्युमेंटरी ऑस्करच्या नामांकनात असताना, ती ज्यांच्यावर होती त्या 'खबर लहरिया' या बायांनी चालवलेल्या वृत्तसंस्थेने जाहीर निवेदन काढलं की फिल्ममधलं आमचं चित्र अचूक नाही. तिथे सहभागी स्वतः पत्रकार होत्या, त्यांना जगासमोर बोलायला जागा होती. मावशींकडे फक्त फोन होता. मुकादमाकडेही फोनच, पण वही त्याच्या हातात असते. म्हणून एकाची हरकत ऐकायची आणि दुसऱ्याची नाही हे मला अन्यायाचं वाटत नाही, फक्त कोणाची का ऐकली हे दिग्दर्शकाला दोघांच्या तोंडावर सांगता आलं पाहिजे. याने ते सांगितलं होतं, मुकादमाच्या ओट्यावर बसून.

त्याची पुढची फिल्म आता लिहून झालीये, विषय वेगळा. करारात त्याने कलम घातलंय की कट लॉक व्हायच्या आधी सहभागी माणूस स्वतःचा भाग मागे घेऊ शकतो, आणि बजेटमध्ये रफ कट दाखवायला जाण्याचा खर्च वेगळा धरलाय. एका फंडाने ते कलम काढा म्हणून कळवलं, दुसऱ्याने काही न विचारता मंजूर केलं, पण रक्कम निम्मी. तो दुसऱ्याकडे जाणार आहे, मेव्हण्याशी बोलणं चालू आहे.